अकोल्याची सोयरीक

दिगूकाकासाठी अकोल्याला मुलगी पाहायला गेलो होतो, असं आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून सांगतात. गेलो होतो हे खरं आहे. बाबांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे होते, पिशवीत नारळ होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला शेवंतीचा हार होता, आणि नवऱ्या मुलाने सकाळी दोनदा दाढी केली होती, हेही खरं आहे. फक्त मुलगी नव्हती. काका जाऊन अजून वर्ष व्हायचं आहे. तो गेल्यापासून दुपारच्या वेळी मी हे लिहायला बसते, एखादं वाक्य होतं, मग उठून उगाच मोगऱ्याला पाणी घालून येते. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं जागेवर लावली. स्वतःचं काही जागेवर लावायला वेळ लागतो आहे.

आमचा मळा अमरावतीच्या बाहेर, बडनेऱ्याच्या अंगाला होता. आता तिथे एक मंगल कार्यालय आणि टायरची दुकानं आहेत. तेव्हा शेवंती होती, झेंडू होता, निशिगंधाच्या लांबच लांब ओळी होत्या, आणि मळ्याच्या तोंडाशी आमच्यासारख्यांच्या घरांची एक गल्ली होती. सकाळ व्हायची ती मोटरीच्या खोकल्याने. आधी नुसती घरघर, मग पाटात पाणी पडल्याचा आवाज, मग आई फुलांच्या ढिगावर ओलं तरट झटकून टाकायची त्याचा फटकारा. बाबा टोपल्या बाजारात नेत आणि दिगूकाका ओसरीत हार करायला बसे. दिगूकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, दिगांबर. आजी-आजोबा लवकर गेले तेव्हा तो लहान होता. बाबांनी त्याला वाढवला. केळीच्या सोपाचा धागा पायाच्या अंगठ्याला अडकवून तो फुलं ओवायचा, आणि त्याची बोटं इतकी भरभर चालत की मी समोर बसून पुस्तक वाचायचं ठरवलं तरी नजर तिकडेच जायची. मला तो मास्तरीण म्हणायचा. फुलांच्या पुड्या बांधायला रद्दी यायची, ती बांधण्याआधी सगळी वाचून काढायची माझी सवय होती, म्हणून गिऱ्हाइकांना पुडी उशिरा मिळे. त्यावर आई करवादायची आणि काका म्हणायचा, वाचू दे, फुलं कुठं पळून जातात.

जेवायला ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, भाजलेल्या वांग्याचं भरीत. रविवारी गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे रोडगे भाजले जात आणि काका ते राखेतून उचलून असे हातावर हातावर उडवायचा की आम्ही हसून हसून वरण सांडायचो. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे. कारण दारू पिणाऱ्या माणसाचं घर म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फुटलेली भांडी येतात, आणि आमच्या घरात कधी एक पेला फुटला नाही. काका एकटा प्यायचा आणि गुपचूप प्यायचा. परत येताना दारातल्या कुत्र्याचीसुद्धा माफी मागायचा. फुलं बाजारात गेली, ओसरी झाडून झाली, की त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागे. छातीत पाखरू फडफडतं, असं तो म्हणे. ते पाखरू बसवायला तो जायचा. पुढे पुढे सकाळीसुद्धा त्याची बोटं थरथरायला लागली, सुई फुलाऐवजी बोटात जाऊ लागली, आणि पांढऱ्या निशिगंधाच्या हारात मधेच एक लाल ठिपका दिसायचा. दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं. मग एकदा तो विहिरीच्या कठड्यावर झोपलेला सापडला, एक पाय आत सोडून. त्या दिवशी बाबांनी बांबू तोडले आणि विहिरीभोवती माणसाच्या छातीइतकं कुंपण घातलं. आम्ही सगळे त्या कुंपणाजवळून जाताना दुसरीकडे बघायचो, आणि काकाही.

उपाय चालूच होते. एका देवस्थानी नेऊन त्याच्या गळ्यात माळ घातली. माळ घालून पिणं पाप, म्हणून तो जाताना ती काढून खुंटीला अडकवायचा आणि आल्यावर हात-पाय धुऊन परत घालायचा. देवाला तसल्या ठिकाणी नेणं त्याला बरं वाटत नसे. मग बाबांना कुणी सांगितलं की परतवाड्याला एक माणूस पूड देतो, चहातून द्यायची, पिणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही आणि दारूचा वास आला तरी ओकारी होते. बाबा खच्चून भरलेल्या जीपमधून गेले आणि पूड घेऊन आले. आईने ती काकाच्या कपात घातली. आता आमच्या घरची रीत अशी, की काका जास्त भरलेला कप नेहमी मोठ्या भावापुढे सरकवायचा. लहानपणापासूनची सवय. त्या दिवशीही त्याने सरकवला, आणि बाबांनी, कोणत्या कपात काय आहे हे माहीत नसल्यामुळे, तो पिऊन टाकला. जन्मात दारूचा थेंब न घेतलेला माणूस दिवसभर केळीच्या बुंध्याला धरून ओकत होता. काका त्यांची पाठ चोळत बसला होता. त्याला सगळं कळलं असावं, कारण संध्याकाळी बाबांना जरा बरं वाटल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दादा, तब्येत सोसत नाही त तू काहून पेतं गा?"

बाबासुद्धा हसले. पण आई आत जाऊन चुलीपुढे बसून राहिली.

रद्दीतलं ते कात्रण मला त्याच सुमारास सापडलं. अकोल्याच्या एका डॉक्टरबाईंचं चार ओळींचं बोलणं छापलं होतं: दारूची ओढ हा साखरेच्या आजारासारखा आजार आहे, त्यात माणसाचा वाईटपणा नाही, पुष्कळदा त्याच्या तळाशी भीती किंवा उदासी असते आणि त्या दोन्हींवर औषध आहे. मी ते कापून आईला वाचून दाखवलं. तिने परत वाच म्हटलं. परत वाचलं. तिने कागदाची घडी करून मुगाच्या डाळीच्या डब्यात ठेवली, आणि विषय संपला असं मला वाटलं.

काही आठवड्यांनी घरात बातमी आली की काकाला अकोल्याकडून एक स्थळ आलं आहे. मुलीचे लोक बार्शीटाकळीचे, पण मुलगी दाखवायचा कार्यक्रम अकोल्यात तिच्या मामांच्या घरी. काका आधी नको म्हणाला, दोनदा तोंड पोळलं होतं. मग रात्रभरात काय वाटलं कुणास ठाऊक, सकाळी त्याने कोरा शर्ट काढला. निघताना शेजारच्या कमलमावशी फाटकातच उभ्या होत्या. कमलमावशींनी अर्ध्या गल्लीची लग्नं जमवली होती आणि उरलेल्या अर्ध्यांची जमवायची त्यांची इच्छा होती. आपल्याला न विचारता स्थळ आलं याचा त्यांना थोडा राग होता, तरी त्यांनी काकाची कॉलर नीट केली आणि पोरीच्या पायाकडे पाहून घे, चालणं कळतं, असा सल्ला दिला.

एसटीत काका खिडकीशी बसला. सकाळपासून त्याने घेतली नव्हती. त्याच्या कपाळावर घाम होता आणि नारळ मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, म्हणजे हात हलताना दिसू नयेत. मूर्तिजापूरला गाडी थांबल्यावर बाबांनी आलूबोंडे आणले. त्याने आपला मला दिला. मग खाली वाकून हळूच विचारलं, "मास्तरीण, पोरीले काय इचारू?"

मी म्हटलं, कोणतं पुस्तक वाचलं ते विचार.

त्याने विचार केला. "आन तिनं मलेच इचारलं त?"

मग बोरगाव मंजूपर्यंत मी त्याला एका पुस्तकाची गोष्ट सांगत गेले आणि तो ती पाठ करत गेला.

अकोल्यात रिक्षाने आम्ही एका साध्या बंगल्यापुढे उतरलो. पुढच्या खोलीत भिंतीला लावून बाकं होती आणि त्यावर बरीच माणसं बसली होती. बायका डोक्यावर पदर घेऊन, पुरुष मान खाली घालून. काकाला वाटलं हे सगळे मुलीकडचे. नवऱ्या मुलाने जसं करायचं तसं त्याने एका टोकापासून सुरुवात केली आणि प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्यांच्या पाया पडला. ती माणसंही गोंधळून उठत होती आणि नमस्कार करत होती. एका आजीने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी मात्र दाराशीच थांबले होते, कारण दारावरच्या पाटीवर नाव होतं आणि ते मुगाच्या डब्यातलं नाव होतं. मी आईकडे पाहिलं. आई जमिनीकडे पाहत होती.

आतलं दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या. चष्मा, पांढरा कोट नाही, साधी सुती साडी. त्यांनी आमच्याकडे, हाराकडे, नारळाकडे पाहिलं आणि विचारलं, पेशंट कोण.

काका माझ्याकडे वळला. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं मला माहीत नाही, पण त्याने नारळ अगदी हळू बाकावर ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "पोरगी कुठं हाय?"

बाकावरची सगळी माणसं आपापल्या हातांकडे पाहू लागली. काका बाहेर गेला. पळाला नाही, दार आपटलं नाही. चपला नीट शोधून पायात घातल्या आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. तिथून फाटक दोन पावलांवर होतं आणि फाटकाबाहेर रिक्षा होती.

डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, फसवून आणलं का यांना. बाबांनी मान हलवली. बाईंनी रागावायला हवं होतं, पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फसवून आणलेल्या माणसाला मी ओढून आत नेणार नाही, ते जाऊ शकतात. "पण तुम्ही आत या. थकलेले तर तुम्ही सगळेच दिसता."

आतल्या खोलीत एक पंखा होता आणि ओट्याकडे उघडणारी खिडकी. खिडकीतून काकाच्या कोऱ्या शर्टाचा खांदा दिसत होता. मला वाटलं आता त्या काकाबद्दल विचारतील. त्यांनी आईला विचारलं, तुम्हाला झोप कशी लागते. आईला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ती आधी बरी लागते म्हणाली, आणि मग म्हणाली की विहिरीच्या रहाटाचा आवाज आला असं वाटून ती उठते, आणि रहाट तर आम्ही मोटर बसवली तेव्हाच काढून टाकलेला आहे. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं की मी रस्त्याने चालतानाही वाचते, म्हणजे काका कसा आहे असं कुणी विचारत नाही. हे मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. आज विचार करते तेव्हा वाटतं, माझा पुढचा सगळा ग्रंथालयातला जन्म त्या एका उत्तरात होता, आणि तो काही वाईट गेला नाही.

मग बाबांची पाळी आली. बाबा कोरडा माणूस. त्यांनी बांबूचं कुंपण किती उंच आहे ते हाताने दाखवलं. कोणत्या बांबूचं, कसं बांधलं, तेही सांगू लागले. मधेच दाखवणारा हात खाली आला.

"माय गेली तवा हा माह्या मांडीवर होता," ते म्हणाले. "म्या वाढवला. बाई, थो गेल्यावर मले मळ्याचं का करायचं हाय?"

आणि ते रडायला लागले. पाणी नसताना मोटर चालू केली की जसा आवाज येतो तसा तो आवाज होता. मी तो आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. मी खिडकीकडे पाहिलं. खांदा दिसत नव्हता. आईनेही तेव्हाच पाहिलं असावं, कारण तिने माझं मनगट पकडलं.

दार उघडलं. काका नारळ घेऊन उभा होता. तो बाबांजवळ आला, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल घेऊन त्यानेच त्यांचं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात.

"दादा, उठ. लोकं आयकून राहिले भायेर," तो म्हणाला. "सांग त्यांले, पोरगी पसंत हाय."

आधी हसल्या त्या डॉक्टरबाई. मग आई, पदरात तोंड खुपसून. काकाने नारळ डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, मले आजच ठेवून घेता काय, आज घरी गेलो त उद्या येणार नाही मी. त्यांनी ठेवून घेतलं. बंगल्याच्या मागे थोड्या खाटा होत्या. दारू एकदम तोडली तर जिवाला अपाय होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे दिवस औषध देऊन तिथेच काढायचे असतात, असं त्यांनी बाबांना समजावलं. बाबा त्याच्यासोबत राहिले. हार काय करायचा हे कुणाला सुचेना, शेवटी तो डॉक्टरबाईंनी आपल्या पाटीला घालून टाकला.

मी आणि आई परत आलो तेव्हा कमलमावशी फाटकातच होत्या, जणू सकाळपासून हलल्याच नव्हत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, पसंत आहे. मग दिगू कुठे आहे, असं विचारल्यावर आईला दुसरं काही सुचलं नाही आणि ती म्हणाली, त्यांनी ठेवून घेतला. कमलमावशींनी गालावर हात ठेवला. लग्नाआधीच घरजावई, अशी रीत त्यांनी बार्शीटाकळीकडे ऐकली नव्हती. आईने घाईघाईने जोडलं की त्यांच्या वावरात मोटर बसवायची आहे आणि दिगूला मोटरीतलं कळतं. त्यामुळे काका परत आला तेव्हा, बराच वाळलेला पण डोळे स्वच्छ झालेले, गल्लीतल्या लोकांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो मोटर कशी चालते हाच. काका म्हणाला, बरी चालते, पाणी नवीन हाय.

त्यानंतर दर आठवड्याला तो अकोल्याला जाऊ लागला. गोळ्या होत्या, डॉक्टरबाईंशी बोलणं होतं, आणि दारूतून सुटलेल्या लोकांची एक बैठक होती, जिथे प्रत्येकाने आपलं सांगायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. छातीतल्या पाखराला डॉक्टरबाईंनी नाव दिलं, औषध दिलं. गल्लीला वाटे, सोयरीक पुढे सरकते आहे. आणि इथे काकाने जे केलं ते डॉक्टरबाईंनासुद्धा सुचलं नसतं. एक दिवस कमलमावशींनी मुलीचा स्वभाव विचारला तेव्हा तो फुलं ओवता ओवता म्हणाला, "बाकी चांगली हाय मावशी, पण लय कडक. दारूचा वास आला त सोयरीक मोडून टाकीन म्हणते."

झालं. संध्याकाळपर्यंत ही अट गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिसऱ्यांदा जमत आलेलं लग्न मोडू द्यायचं नाही, हे सगळ्या गल्लीने आपलं काम मानलं. त्याच्या पिण्यातले सोबती स्वतःहून दूर राहू लागले. एकाने तर त्याला पाहून रस्ता ओलांडला. हातभट्टीकडे जाणाऱ्या वाटेवर ज्यांचं घर होतं त्या म्हाताऱ्या आबांनी संध्याकाळी खाट बाहेर काढून तिथेच बसायचा नेम केला, आणि काका दिसला की ते त्याला हाक मारून बळेच सोंगट्या खेळायला बसवत. कुणी खायला गिलावडा आणून देई, कुणी लिंबाचं सरबत. कुणालाच माहीत नव्हतं की ते कशाला औषध देत आहेत. आता सगळं फोनवर सापडतं. विचारलं की नंबर येतात, पत्ते येतात, आणि हे फार चांगलं झालं, कितीजणांचे बांबू तोडायचे वाचले असतील. पण संध्याकाळी हाक मारणारे आबा फोनवर सापडत नाहीत, तेवढं गल्लीनेच करावं लागतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, काका घसरला. जेवणावळीत कुणी पेला पुढे केला आणि त्याने घेतला, मग थांबला नाही. तो गोठ्यापाशी पडलेला कमलमावशींना दिसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, ताक पाजलं, आपली गोधडी त्याच्यावर घातली आणि समोर बसून राहिल्या. जो येईल त्याला त्या सांगत होत्या की दिगूला ऊन लागलं. भर पावसाळ्यात. आणि गल्लीने मान हलवून ते मान्य केलं. ऊन फार आहे, असंही एकजण म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच काकाला पहिल्या एसटीत बसवलं, पोरीच्या बापाला काही सांगू नकोस असं बजावून. डॉक्टरबाई काकाला म्हणाल्या की घसरणं म्हणजे संपणं नाही, पुन्हा चालायला लागायचं. तो लागला.

शेवंतीचा हंगाम आला तेव्हा काठ्या कमी पडल्या. झाडांना आधार द्यायला बांबू हवे होते. एका सकाळी मी उठून पाहते तर बाबा विहिरीभोवतीचं कुंपण सोडवत होते आणि काका एकेक बांबू उचलून शेवंतीच्या ओळीत रोवत होता. दोघं मोटरीच्या भावाबद्दल, डिझेलबद्दल काहीतरी बोलत होते. त्या वर्षी शेवंती छातीइतकी उंच आली.

खोटं मात्र वाढत होतं. दिवाळीनंतर कमलमावशी एक हिरवं लुगडं घेऊन आल्या. जरीचे काठ, घडी न मोडलेलं. नव्या सुनेला पहिलं लुगडं आपलं, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, तारीख का काढत नाही तुम्ही, का मुलीकडचे मागे हटून राहिले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. ओसरीत काका, मी आणि कमलमावशी. काकाने धागा अंगठ्यातून सोडवला, फुलं बाजूला केली.

"मावशी, पोरगी नाही," तो म्हणाला. "कवाच नव्हती. मी दवाखान्यात जातो."

आणि त्याने सगळं सांगितलं, विहिरीसकट. कमलमावशींनी ऐकून घेतलं. मग लुगडं उचललं, काखेत मारलं आणि तडक गेल्या. त्यांच्या घराचं दार बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं. त्या दाराला दिवसा बंद व्हायची सवय नव्हती. त्या आता काय करतील हे आम्हा सगळ्यांना कळत होतं: गल्लीला सांगतील, गल्ली हसेल, हाका मारणारे आबा खाट आत नेतील. काका त्या दिवसांत हार करायचा पण गुणगुणायचा नाही. बाबा संध्याकाळी उगाच त्याच्या आसपास काम काढायचे.

गल्लीत काहीच पसरलं नाही. आणि मग एका दुपारी कमलमावशी मागच्या दाराने आल्या. आई भाकरी थापत होती. त्या उंबऱ्यावर बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचा नवरा वारला होता, मुलगा सुरतेला जाऊन राहिला होता; बाकी त्या सगळ्यांच्या घरात असत, म्हणून त्यांच्या घरात कोण आहे हे आमच्या लक्षात आलंच नव्हतं. त्या म्हणाल्या की दुपार झाली की त्यांना रडू येतं. कशाचं, ते कळत नाही. अन्न मातीसारखं लागतं. लोकांची लग्नं जमवताना तेवढा वेळ बरा जातो.

"त्या डॉक्टरीणबाईकडे," त्यांनी विचारलं, "बाईमाणूस चालते काय व?"

आईने पिठाचे हात तसेच ठेवून त्यांना जवळ घेतलं. पुढच्या वेळी अकोल्याला जाताना कमलमावशी आमच्याबरोबर होत्या. गल्लीला त्यांनी सांगितलं, मी स्वतः जाऊन मुलीकडच्यांना विचारून येते. अंगावर तेच हिरवं लुगडं होतं. घडी मोडायला आता कुणाची वाट पाहायची, असं त्या एसटीत म्हणाल्या, आणि मूर्तिजापूरला त्यांनी दोन आलूबोंडे खाल्ले.

त्या फेरीत आणखी एक गंमत झाली. डॉक्टरबाईंनी काकाला म्हटलं की दर आठवड्याला इतक्या लांब कशाला येता, अशी बैठक अमरावतीतही होते, आणि त्यांनी शाळेचं नाव सांगितलं. काका बघतच राहिला. त्या शाळेतल्या सरस्वतीच्या फोटोला दर गुरुवारी आमच्या घरचा हार जात होता. काकाच नेऊन द्यायचा. ज्या खोलीत बैठक भरायची त्या खोलीच्या दारावरून तो वर्षानुवर्षं जात होता, कधी कधी तिथूनच पुढे गुत्त्यावर. अमरावतीत सगळे ओळखतात म्हणून आम्ही इतक्या लांब लपायला गेलो होतो, आणि अमरावतीतली माणसं ओळखीच्याच दारामागे बसली होती. पहिल्या बैठकीला काका गेला तो हार घेऊनच. परत येऊन म्हणाला, तिथे निम्मे आपले गिऱ्हाईक हायत.

पुढे लग्न त्याने केलं नाही, विचारलं तर एकदा जमलं आहे म्हणायचा. मळा विकला गेला, मी नोकरीला लागले, आई-बाबा आपापल्या वेळेने गेले. काका गुरुवारी शाळेत जात राहिला, केस पांढरे झाले तरी. कुणाच्या तरी घरी जायचं, कुणाला तरी पहिल्या एसटीत बसवायचं, हे चालूच असे. मागच्या थंडीत एका सकाळी, मोगऱ्याचा गजरा अर्धा झालेला असताना, तो भिंतीला टेकला आणि तसाच गेला. गजरा माझ्यासाठी होता. उरलेला अर्धा मी पूर्ण केला, तो काही त्याच्यासारखा झाला नाही.

तेरवीला आमचे सोयरे-धायरे जमले होते, मोजकेच. पंगत बसायच्या वेळी फाटकाशी जीप थांबली, मग दुसरी, मग एसटीतून उतरलेली माणसं चालत आली. अकोल्याची, मूर्तिजापूरची, परतवाड्याची, अमरावतीची तर पुष्कळ. म्हातारे, तरुण, दोन-तीन बायका, एक अगदी कोवळा मुलगा ज्याचे हात थरथरत होते आणि त्याला धरून आणणारी त्याची आई. कुणी ओळख देत नव्हतं. येऊन काकाच्या फोटोला हात जोडत होते आणि कडेला उभे राहत होते. वाढणाऱ्या माझ्या भाच्याला, मामेबहिणीच्या मुलाला, काही कळेना. आधी सोयऱ्यांना बसवायचं की यांना, आणि हे आहेत तरी कोण, असं तो मला विचारत होता.

कोपऱ्यात खुर्चीवर कमलमावशी बसल्या होत्या. आता त्यांना दिसत कमी आणि ऐकू येत कमी, पण पंगतीतलं अजून सगळं कळतं. त्यांनी काठीने भाच्याच्या पायाला टोचलं.

"असा काय पायतं बे," त्या म्हणाल्या. "थे पोरीकडचे हायत. त्यांले पयले बसव."